वेतनपट आणि सेवक : नव्या वेतनव्यवस्थेसाठी सेवकवर्गाच्या सिद्धतेचा ऐतिहासिक विचार

१

विद्यापीठासारख्या संस्थेत वेतनाची आणि सेवाविषयक नोंदींची पद्धत बदलू लागली म्हणजे जी चर्चा होते ती बहुधा यंत्राविषयी होते. संगणक कोणता, त्याची क्षमता किती, नोंदी किती दिवसांत भरल्या जातील, खर्च किती येईल, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. सेवकवर्गाची सिद्धता हा विषय शेवटी येतो, आणि तोही एका दिवसाच्या प्रशिक्षणवर्गापुरता. यंत्र नवे असल्यामुळे प्रश्नही नवा आहे, अशी यामागील समजूत दिसते. वस्तुतः वेतननोंदींची पद्धत बदलणे आणि त्या बदलासाठी माणसे तयार करणे हा राज्यसंस्थेइतकाच जुना व्यवहार आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात अठ्ठेचाळीस हजार पणांपासून साठ पणांपर्यंत वेतनांची श्रेणी लावून दिलेली आहे, आणि अक्षपटलात, म्हणजे लेखाकार्यालयात, ज्या गोष्टींची नोंद ठेवावयाची त्यांत राजसेवकांच्या भक्तवेतनाचा, म्हणजे शिधा व रोख वेतन यांचा, समावेश आहे. वेतन आले की पट आला, आणि पट आला की तो लिहिणारा व वाचणारा आला.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : वेतनव्यवस्थेतील प्रत्येक मोठे स्थित्यंतर हे प्रथमतः भाषेचे स्थित्यंतर असते. जुन्या व्यवस्थेचे ज्ञान लेखी नियमांत जेवढे असते त्याहून अधिक ते सेवकांच्या शब्दांत, सवयींत आणि अपवादांच्या स्मरणात असते. हे ज्ञान नव्या व्यवस्थेत कसे उतरवावयाचे याचा विचार ज्यांनी केला त्यांचे स्थित्यंतर तडीस गेले; ज्यांनी केला नाही त्यांच्या सेवकांना त्याचे मोल आपल्या पगारातून द्यावे लागले. ही गोष्ट मराठी राज्यव्यवहारातील आणि अलीकडच्या काळातील काही उदाहरणांवरून येथे दाखवावयाची आहे.

२

प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. वेतनासंबंधीचे मराठी शब्द एकत्र मांडले तर महाराष्ट्रावरून गेलेल्या राज्यव्यवस्थांचे थर स्पष्ट दिसू लागतात. 'वेतन' हा शब्द संस्कृत. 'पगार' हा पोर्तुगीज भाषेतील देणे, चुकते करणे या अर्थाच्या धातूवरून आला आणि किनाऱ्यावरून देशावर चढला. 'मुशाहिरा' हा अरबी. त्याच्या मुळाशी महिना या अर्थाचा 'शहर' हा शब्द आहे. 'दरमहा' फारसी. 'हजेरी'चे मूळ अरबी 'हाजिर' म्हणजे उपस्थित हे होय. 'रजा' म्हणजे मुळात संमती, खुशी. धन्याच्या संमतीने मिळणारी अनुपस्थिती म्हणून तिला सुटीचा अर्थ आला. 'बडतर्फ' म्हणजे एका बाजूस केलेला. 'कारकून' म्हणजे काम करणारा. या सर्वांच्या जोडीस इंग्रजी अमदानीतील 'मस्टर' आणि 'बिल' हे शब्द येऊन बसले, आणि स्वातंत्र्योत्तर काळात 'देयक', 'वेतननिश्चिती', 'सेवापुस्तक', 'निवृत्तिवेतन' अशी परिभाषा तयार झाली.

या शब्दसंग्रहात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नवा थर आला म्हणून जुना थर नाहीसा झाला नाही. आजही सेवक 'वेतन' या शब्दाने अर्ज लिहितो, 'पगार' या शब्दाने घरी बोलतो, 'मस्टर'वर सही करतो आणि 'रजा' मागतो. शब्द टिकून राहतो तेव्हा त्याच्यासह एक व्यवहारही टिकून राहतो. उलट, शब्द तोच राहून व्यवहार पालटल्याचीही उदाहरणे आहेत. फारसीत 'तनख्वाह' म्हणजे वेतन. मोगल व्यवस्थेत सेवकाचे वेतन पुष्कळदा एखाद्या प्रदेशाच्या महसुलावर लावून दिले जाई. मराठी दप्तरांत 'तनखा' हा शब्द गावाच्या ठरीव आकारणीसाठी रूढ झाला, म्हणजे वेतनाचा वाचक शब्द वेतनाच्या उगमाचा वाचक बनला. एकच शब्द दोन दप्तरांत दोन अर्थांनी वावरू लागला की हिशेबात घोटाळा होण्यास वेगळे कारण लागत नाही. संगणकाच्या पडद्यावरील 'नियुक्तीचा दिनांक' या साध्या शब्दसमूहाचेही असेच होते, हे पुढे दिसून येईल.

३

मराठी राज्याच्या इतिहासात सेवकवर्गाच्या भाषिक सिद्धतेचा सर्वांत जाणीवपूर्वक प्रयत्न म्हणजे राजव्यवहारकोश. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या सुमारास राज्यव्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाला. त्याची रचना दहा वर्गांत आहे आणि त्यांत राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग यांच्याबरोबर एक स्वतंत्र लेखनवर्गही आहे. पेशव्याला मुख्यप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, वाकनिसाला मंत्री, डबिराला सुमंत आणि सरनौबताला सेनापती ही नावे याच काळात दिली गेली. याच राजवटीत शिपायांना गावे तोडून देण्याऐवजी वेतन रोख अथवा खजिन्यावरील वरातेने देण्याचा कटाक्ष होता, असे सभासदाच्या बखरीवरून दिसते. वेतनाची पद्धत आणि व्यवहाराची भाषा या दोहोंची पुनर्घटना एकाच राजवटीत व्हावी, हा केवळ योगायोग मानता येत नाही. गावाचे उत्पन्न तोडून दिले की हिशेब शिपायाचा. रोख वेतन दिले की तो सरकारचा. रोख वेतनाला पट लागतो, पटाला लेखक लागतो, आणि लेखकांना समान भाषा लागते.

या प्रयत्नाचे फलित मात्र संमिश्र आहे. राजवाड्यांनी मराठी पत्रांतील शब्दांची मोजणी करून फारसी शब्दांचे प्रमाण घटत गेल्याचे दाखविले, ही गोष्ट खरी. तथापि कोशाने दिलेले पर्याय दप्तरात सरसहा रुजले असे म्हणता येत नाही. 'मुख्यप्रधान' हा शब्द शिक्क्यात राहिला आणि अठराव्या शतकात राज्याची सूत्रे ज्यांच्या हाती गेली ते 'पेशवे' या फारसी नावानेच इतिहासात ओळखले गेले. 'फडणीस' आणि 'चिटणीस' ही नावे तर आडनावे होऊन आजपर्यंत चालत आली. याचे कारण शोधताना कोशकाराच्या विद्वत्तेकडे बोट दाखविण्याचे प्रयोजन नाही. कोशाने शब्द दिला, पण तो शब्द वापरण्याचा सराव दिला नाही; आणि ज्या कारकुनाच्या लेखणीतून तो उतरावयाचा, त्याची लेखणी घडविणारी शाळा वेगळीच होती.

ती शाळा म्हणजे दप्तर. हिशेब कसा लिहावा, पत्राचा मायना कसा असावा, याचे नियम सांगणाऱ्या 'मेस्तक' नावाच्या पुस्तिका मराठी मुलखात प्रचलित होत्या, आणि परंपरा त्यांचे कर्तृत्व देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याकडे देते. परंतु मेस्तक हा केवळ आधार. खरे शिक्षण जुन्या कारकुनाच्या शेजारी बसून, त्याचे कागद उतरून, त्याच्या चुका आणि त्याची टोके ऐकून होत असे. पुण्याच्या हुजूर दप्तरात फड, बेहेडे, सरंजाम, एकबेरीज असे विभाग होते. एकबेरजेत सर्व खात्यांचे जमाखर्च एकत्र येऊन त्यांचे वर्गीकरण होई, त्यामुळे कोणत्याही एका बाबीची अनेक वर्षांची स्थिती एका ठिकाणी पाहता येई. आजच्या परिभाषेत ज्याला एकत्रित माहितीसंच म्हणावे, त्याचीच ही कल्पना होय. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या दप्तराची शिस्त बिघडली. कागद जागच्या जागी होते. ते कागद चालते ठेवणारी माणसे आणि त्यांचा सराव मात्र खंडित झाला होता. दप्तर कागदांचे बनलेले असते हे अर्धसत्य आहे. ते कागद जाणणाऱ्यांचे बनलेले असते.

याच संदर्भात सैन्याच्या वेतनपटाचाही उल्लेख करणे योग्य ठरेल. मोगल व्यवस्थेत अकबराच्या काळापासून शिपायाच्या चेहऱ्याचे वर्णन लिहून ठेवणे आणि घोड्यावर डाग देणे या गोष्टी सक्तीच्या होत्या. एकच घोडा दोन पथकांत दाखवून दुहेरी वेतन उचलले जाऊ नये, हा त्यांचा हेतू. मराठी फौजांत 'गणती' होई तीही याच हेतूने. आज कार्यालयाच्या दारावरील यंत्र अंगठ्याचा ठसा किंवा चेहरा टिपून हजेरी घेते. साधन पालटले, पण त्यामागील शंका तीच आहे : पटावरील नाव आणि प्रत्यक्ष मनुष्य एकच आहेत काय?

४

यंत्राने वेतन काढण्याच्या इतिहासातील पहिले महत्त्वाचे प्रकरण विद्यापीठातील नाही, आणि शस्त्रास्त्रांच्या कारखान्यातीलही नाही. ते चहापानगृहे व बेकरी चालविणाऱ्या लायन्स या लंडनच्या कंपनीतील आहे. या कंपनीने 'लिओ' नावाचा संगणक स्वतः बांधला आणि १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या हिशेबाचे काम नियमितपणे सुरू केले. वेतनाचे काम मात्र तिने लगेच यंत्राकडे सोपविले नाही. १९५३ च्या अखेरीस बेकरीतील कामगारांचे वेतन यंत्रावर काढण्यास प्रारंभ झाला. काही आठवडे यंत्राचा हिशेब आणि कारकुनांचा हिशेब समांतर चालविण्यात आला, दोहोंचा मेळ बसल्याची खात्री झाली, आणि १९५४ च्या फेब्रुवारीत यंत्रावर एकट्यावर भार टाकण्यात आला. अनुभवी कारकुनाला एका माणसाचे वेतन काढण्यास जेथे आठ मिनिटे लागत, तेथे यंत्राला दीड सेकंद पुरू लागला.

या यशाचे श्रेय वेगाला देण्याची प्रथा आहे. पण ज्या कारणाने तो वेग उपयोगी पडला ते कारण निराळे होते. लायन्स कंपनीत कार्यालयीन पद्धतींचा अभ्यास करणारा एक स्वतंत्र विभाग संगणकाच्या वीस वर्षे आधीपासून काम करीत होता. कोणता कागद कोणाकडून कोणाकडे जातो, कोणती नोंद कोण कशासाठी करतो, अपवाद कोणते आणि ते कोण ठरवितो, याची मांडणी तेथे आधीच झालेली होती. म्हणजे यंत्राला शिकविण्यापूर्वी कंपनीने कारकुनाकडून शिकून घेतले होते. समांतर चाललेल्या त्या आठवड्यांत कारकून हा यंत्राचा परीक्षक होता. माणसाला यंत्रासाठी तयार करणे म्हणजे प्रथम यंत्राला माणसासमोर परीक्षेस बसविणे, हा धडा १९५४ साली उपलब्ध होता. पुढील साठ वर्षांत तो अनेकदा विसरला गेला.

५

विस्मरणाचे मोठे उदाहरण कॅनडाच्या केंद्रीय शासनाचे आहे. तेथे २००९ पासून वेतनकार्याच्या पुनर्रचनेची योजना चालू होती. तिच्यानुसार ४६ खात्यांत विखुरलेली वेतन-सल्लागारांची सुमारे १२०० पदे काढून टाकून त्यांचे काम न्यू ब्रन्सविक प्रांतातील मिरामिशी या गावी सुमारे ४६० सल्लागारांच्या एका केंद्राकडे देण्यात आले. वर्षाकाठी सात कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता. 'फिनिक्स' नावाची ही प्रणाली २०१६ च्या फेब्रुवारी आणि एप्रिल या महिन्यांत, दोन टप्प्यांत, सुमारे २,९०,००० सेवकांसाठी सुरू झाली. तिच्यात ८०,००० हून अधिक वेतननियम बसवावयाचे होते. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी ९८४ कार्यांपैकी शंभराहून अधिक कार्ये गाळण्यात अथवा पुढे ढकलण्यात आली, आणि एका खात्यात आधी प्रयोग करून पाहण्याचा बेत रद्द करण्यात आला. परिणाम असा झाला की कोणाला पगार कमी, कोणाला अधिक, तर कोणाला मुळीच मिळाला नाही. जादा मिळालेली रक्कम परत करण्याची नोटीस हातात पडलेल्या सेवकाची स्थिती न मिळालेल्याहून फारशी बरी नव्हती. तेथील महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात या प्रकल्पाच्या व्यवस्थापनाला कठोर शब्दांत दोष दिला.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने यातील मर्म त्या १२०० पदांत आहे. वेतन-सल्लागार हा केवळ आकडे भरणारा नव्हे. तो दुभाषा होता. प्रसूतिरजेवरून परतलेली, त्याच महिन्यात तात्पुरत्या बढतीवर गेलेली आणि पूर्वीची थकबाकी येणे असलेली एखादी सेविका 'माझा पगार बरोबर नाही' एवढेच म्हणते. त्या वाक्याचे नियमांच्या भाषेत रूपांतर तो सल्लागार करी. दुभाषे आधी निरोप देऊन पाठविले आणि भाषा नंतर बदलली, असा हा प्रकार झाला.

न्यूझीलंडचे उदाहरण शिक्षणक्षेत्रातील असल्यामुळे आपल्याला अधिक जवळचे आहे. तेथील सुमारे अडीच हजार शाळांतील शिक्षक व सेवक यांच्या वेतनासाठी 'नोव्होपे' ही प्रणाली २०१२ च्या ऑगस्टमध्ये देशभर एकदम सुरू करण्यात आली. नोंदी भरण्याचा भार प्रत्येक शाळेच्या कार्यालयातील एकदोन सेवकांवर पडला. पहिल्या पगारापासूनच चुका सुरू झाल्या, आणि शाळेतील शिक्षक ज्याच्याकडे गाऱ्हाणे घेऊन येत तो कार्यालयीन सेवक स्वतःच त्या प्रणालीपुढे हतबल होता. शासनाने नेमलेल्या चौकशीचा अहवाल २०१३ च्या जूनमध्ये आला; त्यात चाचणी आणि उपयोजकांची सिद्धता या दोहोंतील उणिवांवर बोट ठेवलेले आहे. २०१४ मध्ये शासनाने हे काम खाजगी कंपनीकडून काढून आपल्या मालकीच्या संस्थेकडे घेतले.

विद्यापीठांची अडचण याहून एका अंशाने अधिक आहे. कारखान्यात एक मनुष्य बहुधा एका पदावर असतो. विद्यापीठात तोच मनुष्य विद्यार्थी, संशोधन-साहाय्यक आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक असू शकतो, आणि त्याच्या प्रत्येक भूमिकेचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या दहा परिसरांची अनेक दशकांची जुनी वेतनप्रणाली काढून एकच प्रणाली आणण्याचे ठरविले, तेव्हा हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. २०१५ च्या डिसेंबरात मध्यवर्ती कार्यालयापासून आरंभ करून पुढे २०२० पर्यंत एकेक परिसर त्या प्रणालीत घेण्यात आला. टप्प्याटप्प्याने जाण्याची ही दक्षता शहाणपणाची होती यात शंका नाही. तरीही काही परिसरांत ज्यांचे वेतन अडले त्यांत विद्यार्थी असलेले अध्यापन-साहाय्यक होते. ज्याची नेमणूक सर्वांत अल्पकालीन, ज्याचे पद सर्वांत अस्पष्ट आणि ज्याची शिल्लक सर्वांत थोडी, त्याच्यावर चुकीचा आघात प्रथम होतो. हे दुर्दैव नसून रचनेचे फल आहे. कारण नियमांच्या मांडणीत अपवाद शेवटी येतात आणि अशा सेवकाचे अवघे सेवाजीवन अपवादांतच गेलेले असते.

६

महाराष्ट्रातील स्थिती या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय सुरू झाले. १९६२ मध्ये पदनाम कोश आला, आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. वेतनाच्या क्षेत्रात या प्रयत्नांनी बरेच साधले. 'निवृत्तिवेतन', 'वेतनवाढ', 'सेवाज्येष्ठता', 'थकबाकी' हे शब्द आज शिपायापासून कुलसचिवापर्यंत सर्वांच्या तोंडी आहेत. काही शब्दांना मात्र राजव्यवहारकोशातील शब्दांचीच गती मिळाली. 'आहरण व संवितरण अधिकारी' हे पदनाम कागदावर अचूक आहे, पण कार्यालयात सर्वजण 'डीडीओ' असेच म्हणतात. रुजलेले शब्द आणि न रुजलेले शब्द यांतील भेद संस्कृतप्रचुरतेचा आहे, असे वरवर वाटते. पण 'सेवाज्येष्ठता' हा शब्द काही कमी संस्कृत नाही. भेद असा की त्या शब्दाशी सेवकाचा स्वतःचा हितसंबंध जोडलेला होता, म्हणून त्याने तो आत्मसात केला.

एकविसाव्या शतकात राज्य शासनाच्या सेवकांसाठी 'सेवार्थ', शाळांसाठी 'शालार्थ' आणि उच्च शिक्षणासाठी त्याच धर्तीची व्यवस्था आली. या व्यवस्थांमुळे वेतन थेट बँकेत जमा होऊ लागले आणि हस्तलिखित देयकांतील विलंब पुष्कळ कमी झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण २०१८ च्या आरंभी शालार्थ प्रणाली तांत्रिक बिघाडाने बंद पडली आणि काही महिने वेतनदेयके पुन्हा कागदावर सादर करावी लागली. ती ज्यांना कागदावर करता येत होती असे लिपिक त्या वेळी सेवेत होते, म्हणून पगार झाले. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांकांच्या आधारे वेतन उचलल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि अटका झाल्या. दोन पथकांत दाखविलेल्या घोड्याचीच ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल. यंत्र क्रमांक ओळखते. मनुष्य ओळखण्याचे काम मनुष्यालाच करावे लागते.

आता प्रत्यक्ष नोंदींतील भाषिक अडचणी पाहू. पहिली अडचण नावाची. मराठी नाव देवनागरीत एकाच रीतीने लिहिले जाते, पण रोमन लिपीत त्याची दोनतीन रूपे सहज होतात. 'लक्ष्मण'मधील 'क्ष' कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी तीन अक्षरांनी; 'वैद्य'चा शेवट कोणी स्वरान्त करतो, कोणी करीत नाही. शिवाय आडनाव आधी की शेवटी, वडिलांचे नाव मध्ये की वेगळ्या रकान्यात, विवाहानंतर बदललेले नाव कोणत्या कागदावर कोणते, हे प्रश्न आहेतच. सेवापुस्तकातील नाव, आधारपत्रावरील नाव, प्राप्तिकराच्या क्रमांकावरील नाव आणि बँकेतील नाव ही चारही एकाच व्यक्तीची आहेत हे विभागातील लिपिकाला न सांगता कळत होते. यंत्राच्या दृष्टीने ती चार निरनिराळी माणसे ठरू शकतात.

दुसरी अडचण दिनांकाची, आणि ती अधिक गंभीर. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली. 'नियुक्तीचा दिनांक' या रकान्यात काय लिहावयाचे? निवड समितीने निवड केली तो दिवस, आदेश निघाला तो, रुजू झाला तो, विद्यापीठाने मान्यता दिली तो, की पद पूर्ण अनुदानावर आले तो? जुन्या सेवापुस्तकात या सर्व नोंदी एकाखाली एक असत आणि वाचणारा त्यांतून अर्थ लावी. पडद्यावर रकाना एकच असतो. 'तनखा' या शब्दाचे दोन दप्तरांत दोन अर्थ झाले होते. येथे एका रकान्यात पाच अर्थ दाटीने बसतात आणि त्यांपैकी एक निवडणारा मनुष्य पुष्कळदा त्या कार्यालयातील सर्वांत नवा आणि कंत्राटी सेवक असतो. त्याच्या एका निवडीवर दुसऱ्या माणसाचे म्हातारपण अवलंबून राहते.

तिसरी अडचण आपल्या बोलण्याच्या धाटणीत आहे. मराठीत आपण 'पगार दिला' असे क्वचित म्हणतो. 'पगार झाला' असे म्हणतो. पाऊस झाला, उशीर झाला, तसाच पगार झाला. या वाक्यरचनेत देणारा दिसत नाही. जोवर विभागात लिपिक होता तोवर हा लोप केवळ व्याकरणातला होता, कारण 'का झाला नाही?' हे विचारण्यास एक टेबल होते. नव्या व्यवस्थेत तो प्रत्यक्षात उतरतो. पगार झाला नाही तर तो कोणी केला नाही याचे उत्तर कोणाकडेच नसते. विभाग लेखाशाखेकडे बोट दाखवितो, लेखाशाखा प्रणालीकडे, आणि प्रणाली पडद्यावर एक त्रुटिक्रमांक दाखविते.

७

उपर्युक्त विवेचनातून सेवकवर्गाच्या सिद्धतेविषयी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की सिद्धतेचा आरंभ प्रशिक्षणाने करू नये, ऐकण्याने करावा. जे लिपिक आज वेतनपट तयार करतात त्यांच्याकडून अपवादांची यादी करून घ्यावी; ती यादी म्हणजे त्या संस्थेचे मेस्तक होय, आणि ते कोणत्याही कंपनीकडून विकत मिळत नाही. दुसरा असा की प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत, एका वाक्यात, उदाहरणासह लिहून द्यावा. राजव्यवहारकोशाने शब्दाला शब्द दिला. आज शब्दाला व्यवहार दिला पाहिजे. तिसरा, लायन्स कंपनीने १९५४ पूर्वी जे केले ते करावे : जुना आणि नवा हिशेब काही महिने समांतर चालवावा, आणि त्यांतील प्रत्येक तफावतीचे कारण लेखी नमूद करावे. चौथा, जुन्या सेवकांना नव्या व्यवस्थेची घडी बसेपर्यंत निरोप देऊ नये. पाचवा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, ज्या सेवकाची नोंद भरली जाते त्याला ती वाचून पाहण्याचा, तिच्यावर हरकत घेण्याचा आणि ठरावीक मुदतीत नाव असलेल्या एका मनुष्याकडून उत्तर मिळविण्याचा हक्क असावा. जुन्या पद्धतीत सेवापुस्तक सेवकाला दाखवून त्याची सही घेण्याचा नियम होता. तो नेहमी पाळला जात नसे. पण नियम म्हणून त्याचे मूल्य मोठे होते, आणि नवी व्यवस्था आली म्हणून तो मागे पडण्याचे कारण नाही.

या विषयाकडे भाषाशास्त्राच्या व इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वळावे, असे सुचवावेसे वाटते. पेशवे दप्तराचा अभ्यास आपण एक शतकाहून अधिक काळ करीत आहोत. आपल्याच विद्यापीठांची दप्तरे, त्यांतील शब्द, शेरे आणि संक्षेप यांची नोंद मात्र कोणी केलेली नाही, आणि ते जाणणारी पिढी दरवर्षी निवृत्त होत आहे. त्यांच्याजवळ बसून ही परिभाषा टिपून घेणे हे एकाच वेळी संशोधनही ठरेल आणि नव्या व्यवस्थेची उपयुक्त पूर्वतयारीही. हुजूर दप्तराचे कागद शाबूत राहूनही ते चालते ठेवणारी माणसे नाहीशी झाल्याने जे घडले, ते आपल्या संगणकीय दप्तराच्या बाबतीत घडू द्यावयाचे की नाही, हे ठरविण्याची वेळ नोंदी भरून झाल्यावरची नव्हे. ती भरण्यापूर्वीची आहे.